आधी मले टोच

जयवंताबाईच्या पोटात दुखायला लागलं ते लेकीच्या लग्नानंतर पहिल्याच खेपेला, आणि ते दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हतं. पुष्पलता सावनेरहून चार दिवस माहेरी आली, चुलीपुढे बसून वांग्याची भाजी खाल्ली आणि बोटं चाटत म्हणाली की माय यात थोडी जवसाची चटणी टाकते, लई चांगली लागते. माय म्हणजे कोण, तर तिची सासू. जन्म दिलेल्या आईला ही पोर 'बाई' म्हणायची. घरात आजी होती तोवर माय ती होती, जयवंताला सगळे बाई म्हणत, तेच पोरीच्या तोंडी बसलं. पुढे आजी गेली आणि माय म्हणायला घरात कोणी उरलं नाही. तो मोकळा शब्द या पोरीनं उचलला आणि सावनेरच्या रुख्मिणीबाईला देऊन टाकला. आता सांगा, असं कुठं असते का? पोटात कोणी वागवलं, गोवर निघाला तेव्हा उशाशी कोण बसलं, आणि माय कोण, तर जिची ओळख मांडवात झाली ती!

इंदोऱ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा लहानूजी गिरणीत होते, जयवंता दारात सूप घेऊन विड्या वळायची. झालेल्या लेकरांत जगली ती ही एकटी पुष्पलता. एकुलती एक पोर दिली की तिच्यासोबत आपला अर्धा जीव जातो हे खरं, पण बाकीच्या बाया तो जीव गपचूप देतात. जयवंता देणाऱ्यातली नव्हती. तिला तो मोजून परत हवा होता.

प्रत्येक खेपेला ती लेकीला खोदून खोदून विचारायची. सासू बोलते का? नाही. कामाला जुंपते का? नाही, उलट पाणी मीच भरते म्हणते. खायला देते का? हो, पोटभर. जावई मधुसूदन खाणीत हजेरी घेणारा बाबू, दारूला शिवत नाही. म्हणजे नाव ठेवायला जागाच नाही. जयवंतानं मग शोधून शोधून एकच खोट काढली, ती म्हणजे पोर वाळली. आरशासमोर उभी करून तिनं लेकीची गळ्याची हाडं दाखवली आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की आमच्या घरी होती तेव्हा गाल कसे टोमॅटोसारखे होते. पुष्पलता हसली. लहानपणापासून ती काडीसारखीच होती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

वाळलेल्या पोरीवर इलाज एकच होता, ताकदीची सुई. गल्लीच्या तोंडाशी ओमप्रकाश बसायचा. कधीकाळी कोण्या डॉक्टराकडे कंपाउंडर होता, पण गल्लीनं त्याला डॉक्टर करून टाकलं होतं. स्टीलच्या डबीत काचेची एक पिचकारी आणि दोन सुया. सकाळी दुकान उघडलं की त्या स्टोव्हवर उकळायच्या, मग दिवसभर स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं. लाल औषध टोचलं की माणूस घोड्यासारखा पळतो असं लोक म्हणत. लहानूजींचाही सुईवर भरवसा होता. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी घरातले गंडेदोरे, ताईत, उतारे सगळं नाल्यात फेकलं होतं. अंगारा लावताना कोणी दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. सुई मात्र विज्ञान. सुई टोचून घ्यायला ते स्वतः पैसे काढून द्यायचे.

अडचण अशी की पुष्पलता सुईला जाम भ्यायची. लग्न झालेली पोर, पण पिचकारी दिसली की दाराकडे पळायची. तेव्हा जयवंतानं युक्ती काढली. स्टुलावर स्वतः बसली, लुगड्याचा पदर सारला आणि दंड पुढे केला.

"आधी मले टोच," ती ओमप्रकाशला म्हणाली, "मंग तिले." सुई बाहेर आली तशी लेकीकडे पाहून हसली. "पाह्य वं, झालं का मले काही?"

ओमप्रकाशनं त्याच पिचकारीत पुन्हा औषध ओढलं, सुईवर बोळा फिरवला आणि पोरीला टोचलं. पुष्पलतानं डोळे मिटून आईचा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. जयवंताला काय बरं वाटलं म्हणून सांगू! भाजीत जवस टाकणारी खुशाल टाको, भीती वाटली की पोर हात कोणाचा धरते ते दिसलं न? त्यानंतर लेक माहेरी आली की सुई ठरलेली, आधी बाई, मग पुष्पा. खरं सांगायचं तर ताकदीसाठी कमी आणि त्या हातासाठी जास्त.

एक गोष्ट मात्र जयवंतानं कोणालाच सांगितली नव्हती. पुष्पाचं लग्न ठरत होतं त्या उन्हाळ्यात तिला स्वतःला कावीळ झाली होती. फार नाही, डोळे पिवळे, तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही. तेव्हा लग्न मोडेल म्हणून ती बोलली नाही. आजारी घरातली पोर कोण करणार? त्यात तिनं इलाज केला तोही चोरून. एका म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणली, ती मुळ्यांची माळ जशी लांबत जाते तशी कावीळ उतरत जाते म्हणतात ती. लहानूजींना दिसली असती तर त्यांनी माळ आणि बायको दोन्ही नाल्यात नेऊन टाकली असती. म्हणून तिनं ती पोलक्याच्या आत घातली. महिन्याभरानं माळ कमरेपर्यंत आली, डोळे पांढरे झाले, आणि तिनं माळ चुलीत घातली. लहानूजी समजत राहिले की बायकोला ऊन लागलं होतं.

पुढच्या वर्षी पुष्पलताला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा तर जयवंताचा हक्क. सातवा लागला तशी ती सावनेरला जाऊन लेकीला घेऊन आली. येताना रुख्मिणीबाईनं पिशवीत काय काय भरून दिलं, तांदूळ, जवस, आंबाडीचं लोणचं, आणि दारापर्यंत येऊन म्हणाली की इहीनबाई, पोरीला पालथं झोपू देऊ नका. जयवंताला वाटलं, जसं मी कधी लेकरू पाहिलंच नाही! एसटीत सारा रस्ता तिनं ती पिशवी पायाखाली ठेवली.

आल्या आल्या एक सुई झाली. बाईला आधी, मग पुष्पाला. आता तर दोन जिवांची ताकद लागते.

काही आठवड्यांनी पोरीचं खाणं सुटलं. ओकाऱ्या व्हायच्या, ती दिवसभर पडून राहायची. एका सकाळी केस विंचरताना जयवंतानं तिची हनुवटी वर केली आणि उजेडात डोळे पाहिले. हळदीत बोट बुडवून पुसावं तसे पिवळे होते. काळजात चर्र झालं, ते तर झालंच. पण खोटं कशाला बोला, त्या चर्रच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट झाली. जयवंताला आनंद झाला. सापडली! सावनेरच्या विहिरीचं पाणी पाजलं माझ्या पोरीला. आता बोल म्हणा, माय!

हे तिनं साऱ्या गल्लीत सांगितलं, फक्त सावनेरला कळवलं नाही. कळवलं तर ती येऊन बसणार. घरात हळद बंद झाली, तेल बंद, डाळ बंद. उकडलेलं बिनमिठाचं अन्न पोरीच्या घशाखाली उतरेना. ओमप्रकाशनं लिव्हरच्या सुया सुरू केल्या. माळेचा विचारही जयवंताच्या मनात येऊन गेला, पण लहानूजी घरात होते. अखेर लहानूजींनीच सावनेरला जाणाऱ्या माणसाजवळ निरोप दिला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं रुख्मिणीबाई दारात उभी. हातात उसाची कांडकी, डोक्यावर पदर, कपाळावर घाम.

तिनं कोणाला दोष दिला नाही. विहिरीबद्दल जयवंता दोनदा बोलली, तर ती म्हणाली असेल बाप्पा, आणि चुलीशी जाऊन पेज करायला बसली. तेच तांदूळ, तेच पाणी, तेच भांडं. दोन दिवस पाण्याचा घोटही पोटात न ठेवणारी पुष्पलता ती पेज वाटीभर प्यायली आणि अजून दे न माय म्हणाली. जयवंता विड्यांच्या सुपाशी बसली होती. पान कातरता कातरता तिचं बोट कातरीत आलं.

रात्री पोरीचे पाय चेपताना रुख्मिणीबाई म्हणाली की पोटुशी बाई आणि कावीळ, हे घरी ठेवायचं दुखणं नव्हे, मोठ्या दवाखान्यात नेऊ. हेच दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर जयवंता चप्पल न घालता निघाली असती. पण हिनं म्हटलं! म्हणून ती म्हणाली की आमचा डॉक्टर आहे, सुया चालू आहेत, उतार पडून राहिला. लहानूजी गिरणीच्या पाळीत अडकलेले, जावई खाणीत. त्या हेक्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी पुष्पलता मोरीत गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली. लुगडं रक्तानं भिजलं होतं.

सायकल रिक्षात मधे पोर आणि दोन्हीकडून दोघी. सारा रस्ता पुष्पलताचं डोकं रुख्मिणीबाईच्या खांद्यावर होतं. जयवंतानं ते पाहिलं. अशा वेळीही पाहिलं, कारण डोळ्यांना कोण सांगणार?

मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं. मुलगी झाली, अपुऱ्या दिवसांची, मुठीएवढी, पण रडली. तिला कापसात गुंडाळून नेलं. पुष्पलताचं रक्त मात्र थांबेना. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की काविळीत रक्त लवकर गोठत नाही, तिला रक्त द्यावं लागेल, आणि ते आत्ता. नातेवाइकांची बोटं टोचून पाहिली. धावत आलेल्या लहानूजींचं जुळलं नाही. मधुसूदनला निरोप गेला होता, पण तो खाणीतून यायचा कधी? जयवंताचं जुळलं. आणि बघा नशीब, रुख्मिणीबाईचंही जुळलं.

"एकीचं सध्या पुरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोण देतं?"

रुख्मिणीबाई उठायच्या आत जयवंता उठली होती. माझी पोर आहे, ती म्हणाली, आणि चालायला लागली. मागं वळून तिनं इहिणीकडे पाहिलंसुद्धा. पेज तू पाजली, खांदा तू दिला, माय तू झाली, पण रक्त? रक्त माझं जाईल, बाई, ते तुझ्या चुलीवर शिजत नाही.

खाटेवर आडवी झाली. डॉक्टरीणबाईंनी दंडाला रबर आवळता आवळता विचारलं की मलेरिया झाला होता का, आणि कावीळ झाली होती का कधी? जयवंता नाही म्हणाली, दोन्हीला एकाच दमात. कावीळ तर उतरली होती. माळ कमरेपर्यंत आली होती न?

"नक्की ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काविळीचे प्रकार असतात. एक पाण्यातून येतो. एक रक्तातून येतो, त्याला आम्हालाही अजून धड नाव सापडलं नाही, आणि तो आमच्या तपासणीत दिसत नाही. माणूस बरा दिसतो, पण रक्तात ते राहून जातं. म्हणून विचारावं लागतं."

"रक्त चढवल्यानंच होते न ते?"

"तेवढ्यानं नाही. एकाला टोचलेली सुई न उकळता दुसऱ्याला टोचली तरी पुरे. तुमच्या मुलीला कुठं सुया दिल्या होत्या का?"

जयवंतानं छताकडे पाहिलं. वर पंखा फिरत होता. तिला स्टूल दिसलं, स्टीलची डबी दिसली, आपला सारलेला पदर दिसला. आधी मले टोच, मंग तिले. प्रत्येक खेपेला. पोटुशी झाल्यावरही. सावनेरच्या विहिरीत काही नव्हतं. जे होतं ते इथं, याच दंडात होतं, आणि आपण ते हसत हसत, पाह्य वं पाह्य वं करत पोरीच्या अंगात घातलं होतं.

आणि तरीही, ऐका, तरीही ती लगेच उठली नाही. मनात आलं की पोरीला कावीळ तर झालीच आहे. आता माझं रक्त गेलं तर आणखी काय व्हायचं? जळलेल्याला काय जाळणार? कोणाला कळणार आहे? आणि उठलं तर ती येईल. या खाटेवर ती झोपेल, तिचं रक्त बाटलीत भरेल, आणि जन्मभर माझ्या लेकीच्या अंगात सावनेर फिरत राहील. हे सगळं तिच्या मनात आलं आणि रबर आवळलेला दंड तिनं तसाच पुढे ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी सुई उचलली. नवी, चकचकीत, उकळत्या भांड्यातून चिमट्यानं काढलेली. जयवंतानं हात ओढून घेतला.

"नका घेऊ," ती म्हणाली. "मले कावीळ झाली होती. लपवली होती मी." मग दाराकडे तोंड करून तिनं हाक दिली. "इहीनबाई, तुम्ही या."

बाहेरच्या बाकावर बसून तिनं ते सारं पाहिलं. बाटली तिच्यासमोरून नेली, काळपट लाल, काठोकाठ. आपल्या पोरीचा जीव तिच्यात होता, आणि जयवंताला त्याच बाटलीचा राग येत होता. असं एकाच वेळी होऊ शकते हे तिला त्या दिवशी कळलं. रक्त देऊन रुख्मिणीबाई भिंत धरत बाहेर आली, तेव्हा कोणी सांगायच्या आधी जयवंता कँटीनमधून दुधाचा पेला घेऊन आली. तिनंच तो इहिणीच्या तोंडाला लावला. नंतर घरी सांगू म्हटलं असतं तर धीर झाला नसता, म्हणून तिथंच, पेला हातात असताना, तिनं सगळं सांगून टाकलं. माळ, कावीळ, ओमप्रकाश, एकच सुई, आधी आपण. विहिरीला नावं ठेवली तेही सांगितलं. लहानूजी शेजारीच उभे होते. माळेचा शब्द ऐकून त्यांनी तोंड उघडलं, पण मग बाकावर बसले आणि डोकं हातात धरून राहिले.

रुख्मिणीबाईनं दूध संपवलं. जयवंता वाट पाहत होती की आता ही तोंड सोडेल. तिनं ऐकवलंच पाहिजे होतं. तिच्या जागी जयवंता असती तर दवाखान्याचं छप्पर उडालं असतं.

"पोरीले सांगू नका," रुख्मिणीबाई म्हणाली. "तिले अजून सव्वा महिना तुमच्याच हातचं खायाचं आहे. मनात किंतु नोको."

झालं! हेही हिनंच जिंकलं. रक्तही हिचं आणि एवढं मोठं मनही हिचंच! जयवंताला त्या क्षणी इहिणीचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्या वाटीभर पेजेच्या वेळीसुद्धा वाटला नव्हता. तिची दया खाऊन सव्वा महिना लेकीला वाढायचं? त्यापेक्षा दोन थोबाडीत खाल्लेल्या बऱ्या.

संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. मधुसूदन कोळशानं काळ्या कपड्यांनीच आला आणि काचेतून लेकीला पाहून रडला. कावीळ उतरायला बरेच दिवस लागले. डॉक्टरीणबाईंनी डाळ, भात, हळद सगळं चालू करायला लावलं आणि सांगितलं की जयवंताच्याच सुईनं झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण त्या पिचकारीपासून दोघींनी लांब राहा, आणि लिव्हर दरसाल दाखवत जा. लहानूजी ओमप्रकाशकडे जाऊन भांडले. गल्लीतले लोक दोन आठवडे तिकडे फिरकले नाहीत, मग पुन्हा जायला लागले.

पण जयवंता कावीळ उतरायची वाट पाहत बसली नाही. पोर डोळे उघडून धड बोलायला लागली त्याच दुपारी, रुख्मिणीबाई कापसातल्या नातीजवळ असताना, ती खाटेच्या कडेवर बसली आणि तिनं लेकीला सांगितलं. इहिणीनं नको म्हटलं होतं म्हणून तर आधी सांगितलं. माझी कावीळ मीच दिली तुले, ती म्हणाली. आता तुले सावनेरले जायाचं असन तर जाय, बाळंतपणाचा सव्वा महिना तिथं काढ, मी काही म्हणत नाही. बोलताना ती लेकीकडे पाहत नव्हती, चादरीवरचा शिक्का पाहत होती.

पुष्पलतानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळे अजून पिवळेच होते.

"मले ती सुई आवडत नव्हती, बाई," ती म्हणाली. "कधीच नाही. तू आधी टोचून घेत होती म्हणून मी घेत होती. तुले दुखते ते मले दिसे. तू हसून दाखवे, पण तुह्या तोंडावर दिसे."

मग ती म्हणाली की भूक लागली आहे, आणि डब्यात काय आहे ते विचारलं. डब्यात वरणभात होता, हळद घातलेला. वर थोडी जवसाची चटणी होती. ती पहाटे उठून जयवंतानंच कुटली होती. तिनं भात कालवला आणि पहिला घास लेकीच्या तोंडाजवळ नेला. पुष्पलतानं तो खाल्ला, जरा थांबली, आणि खरं तेच बोलली की मायच्या चटणीत लसूण जास्त असतो.

जयवंताच्या पोटात पुन्हा दुखलं, पहिल्यासारखंच. तिनं दुसरा घास कालवला.